परीक्षेनंतरचे प्रकल्प: घोटीतल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

प्रस्तावना

अभिनंदन. तुमचा शेवटचा पेपर संपला आहे. एप्रिलची पंचवीस तारीख, दुपारचं ऊन, हायवेवर ट्रकांची रांग, आणि डोक्यात एकच विचार की आता जूनपर्यंत वहीचं तोंड बघायचं नाही. सायकलचं कुलूप काढेपर्यंत मागून सरांचा आवाज येतो, "ज्यांचे प्रकल्प राहिलेत त्यांनी वर्गात थांबा रे." सगळा वर्ग माघारी फिरतो. ज्यांचे राहिलेले नाहीत अशा दोन मुली असतात. त्याही फिरतात, कारण त्यांना गंमत बघायची असते.

ही मार्गदर्शिका त्या वर्गासाठी आहे. लेखकाची पात्रता: स्वतःची नववी आणि अकरावी, धाकट्या बहिणीची नववी, मामाच्या पोराची नववी दोनदा.

2025 साली राज्यभरातल्या पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एकाच वेळापत्रकानं, 8 ते 25 एप्रिल अशा झाल्या. निकाल नेहमीप्रमाणे एक मेचा. मधे उरले पाच दिवस. ते पाच दिवस पेपर तपासण्यासाठी होते असं सरांचं म्हणणं. पण त्या पाच दिवसांत आपल्या गावात जेवढं संशोधन पूर्ण होतं, तेवढं एखाद्या विद्यापीठात वर्षभरात होत नसावं.

आधी शत्रू मोजून घ्या. इतिहास, भूगोल, विज्ञान यांचे अंतर्गत गुण आहेतच. त्यांच्या जोडीला श्रेणीचे विषय: जलसुरक्षा, स्व-विकास व कलारसास्वाद, आरोग्य व शारीरिक शिक्षण. हे विषय वर्षभर वेळापत्रकात असतात आणि त्या तासाला गणित होतं. मार्च उलटला की ते एकदम जागे होतात. थोरली बहीण अकरावीला असेल तर तिचा पर्यावरणाचा प्रकल्पही त्याच टेबलावर येतो. घरात टेबल एकच असतं, तेही शिलाई मशीनचं.

ऋणनिर्देश

हे पान सगळ्यात आधी लिहा, कारण याला विषय लागत नाही. मुख्याध्यापक, विषयशिक्षक, आईवडील, या क्रमानं आभार मानायचे. क्रम चुकवू नका. एकानं आईला वर घेतलं होतं, सरांनी पान परत दिलं.

ज्यांचे खरे आभार मानायला हवेत त्यांना या पानावर जागा नसते, म्हणून इथे मानून घेतो. एक, झेरॉक्सवाले काका. दोन, बहीण, जिचं अक्षर चांगलं आहे आणि जिला ते माहीत आहे. बहिणीशी बोलणी पहिल्याच दिवशी करावीत. पहिल्या दिवशी पाच पानांना एक कुल्फी हा दर असतो, तिसऱ्या दिवशी पानाला एक होतो, आणि तीस तारखेच्या रात्री ती जे मागेल ते कबूल करावं लागतं. मी एकदा वर्षभर तिची सायकल पुसली आहे.

उद्दिष्टे

कोणत्याही प्रकल्पाला चालतील अशी तीन उद्दिष्टं तोंडपाठ करून ठेवा. अमुकविषयी माहिती मिळवणे. अमुकचे महत्त्व समजून घेणे. अमुकविषयी समाजात जनजागृती करणे. अमुकच्या जागी पाणी, किल्ले, सौरऊर्जा, योगासने, वारली चित्रकला, काहीही बसतं. मामाच्या पोरानं घाईत अमुक तसंच ठेवलं होतं. श्रेणी ब मिळाली.

हे सगळं कोणामुळे सुरू झालं, असा प्रश्न तिसऱ्या रात्री पडतोच. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक नावाचे शिक्षणाचे प्राध्यापक होते. त्यांनी 1918 साली प्रकल्प पद्धतीवर एक निबंध लिहिला. पोरानं मनापासून, स्वतः हेतू ठरवून एखादं काम करावं म्हणजे ते शिकतं, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. आपल्याकडे 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं आणि त्यांतलं एक प्रकल्प. म्हणजे नववीत पोचेपर्यंत तुम्हाला आठ वर्षांचा सराव असतो. किलपॅट्रिक साहेबांचा हेतू चांगला होता. आपलाही हेतू ठरलेला असतोच, तो म्हणजे एक मे.

निष्कर्ष

नवशिके निष्कर्ष शेवटी लिहितात आणि फसतात. जाणकार तो दुसऱ्या दिवशीच लिहून ठेवतो. निष्कर्ष एकदा हातात असला की निरीक्षणं त्याच्या मापानं शिवता येतात.

जलसुरक्षेचा निष्कर्ष ठरलेला आहे: पाणी हे जीवन आहे, म्हणून ते जपून वापरले पाहिजे. याच्या वर लातूरच्या पाण्याच्या रेल्वेचा फोटो चिकटवायचा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला टाक्यांची गाडी गेली होती, तो फोटो सगळीकडे मिळतो आणि रंगीत छान येतो.

इथे एक धोक्याची सूचना. फोटो चिकटवताना खिडकीबाहेर बघू नका. आपल्या इगतपुरी तालुक्यात पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो. दारणा धरण इंग्रजांनी 1916 साली पुरं केलं. मुकणे आहे, भावली आहे. अप्पर वैतरणाचं पाणी तर मुंबईला जातं, तिथल्या सात तलावांच्या यादीत ते असतं. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याच तालुक्यातल्या कित्येक वाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत असतात. धरण उशाला, कोरड घशाला. हे सगळं लिहायला घेतलं तर निष्कर्ष एका वाक्यात संपत नाही. वर सर विचारणार, "मग पाणी जातं कुठं?" आणि त्याचं उत्तर द्यावं लागणार. लातूर बरं. ते लांब आहे.

भूगोलालाही हाच नियम. पर्जन्यछायेचा प्रदेश समजून घ्यायचा असेल तर घोटीहून सिन्नरच्या एस.टी.त खिडकीशी बसावं, तिकिटाच्या पैशात पूर्ण धडा होतो. घोटीत भाताची खाचरं असतात, पुढे डोंगर मागे पडतात तशी झाडं खुजी होत जातात, आणि सिन्नरकडे पोचेपर्यंत लोक पावसाबद्दल आपल्यापेक्षा निराळ्या आवाजात बोलायला लागतात. पण हे प्रकल्पात घेऊ नये. याचं तयार चित्र मिळत नाही. चेरापुंजीचं मिळतं.

साहित्य

प्रोजेक्ट पेपर (एका बाजूला रेघा, एका बाजूला कोरा), स्टिक फाईल, कार्डशीट, स्केचपेन, फेविकॉल, चित्रांचे तक्ते. यातलं काहीही बाजाराच्या दिवशी आणायला जाऊ नका. आठवड्याच्या बाजाराला आजूबाजूच्या खेड्यांतलं माणूस घोटीत उतरतं, आणि दुकानदार तुमच्या एका कार्डशीटसाठी शिडीवर चढत नाही.

चित्रांचा तक्ता हा महत्त्वाचा. पाण्याच्या तक्त्यावर एक नळ असतो, त्याखाली हात धुणारी मुलगी असते. ती मुलगी मी स्वतः नववीत चिकटवली, बहिणीच्या वहीत चिकटवली, मामाच्या पोराच्या दोन्ही वह्यांत चिकटवली. इतक्या वर्षांत तिनं नळ बंद केलेला नाही.

प्रतिकृती करायची असेल तर घोटीच्या मुलाला एक सोय आहे जी नाशिकच्या मुलाला नाही. गावात भाताच्या गिरण्या आहेत, तिथून पिशवीभर तूस मागून आणा. हिरव्या रंगात भिजवून वाळवलं की शेत, पिवळ्यात वाळवलं की पिकलेलं शेत, रंग संपला तर नांगरलेलं शेत. धरणाच्या भिंतीला थर्माकोल वापरण्याची पूर्वापार पद्धत आहे. राज्यात 2018 साली प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली. तरी त्यानंतरही मी 'प्लास्टिकमुक्त गाव' या विषयाची प्रतिकृती थर्माकोलवर उभी राहिलेली पाहिली आहे. वर पाणी म्हणून निळा जिलेटीन कागद होता.

एक रिकामी पाण्याची बाटलीही जपून ठेवा. तिचं वरचं तोंड कापून उलटं बसवलं की पर्जन्यमापक होतो. बाटलीला पट्टी लावून खुणा करायच्या आणि ती छपरावर ठेवायची. हिचं काम पुढे आहे.

कार्यपद्धती

पहिला दिवस झोपेत जातो. त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका.

दुसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन 'माझे गाव' हा प्रकल्प उरकावा असं वाटेल. मराठीत टंकायचा कंटाळा म्हणून तुम्ही गावाचं नाव इंग्रजीत टाकाल: जी, एच, ओ, टी, आय. समोर मासा येईल.

घाबरू नका, मोबाइल बिघडलेला नाही. इंग्रजी स्पेलिंगची टिंगल करण्यासाठी कोणीतरी हा शब्द रचला आहे. 'इनफ' मधल्या जीएचचा उच्चार फ, 'विमेन' मधल्या ओचा इ, 'नेशन' मधल्या टीआयचा श. जुळवलं की झालं फिश. म्हणजे आपल्या स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीत मासा लिहिला आहे आणि रेल्वेला त्याचा पत्ता नाही. हा विनोद बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपवतात, पण तो 1855 सालच्या एका पत्रात आधीच सापडतो आणि शॉ जन्मले 1856 मध्ये. माशाच्या खाली बंगाली येतील. तिकडे पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांना घोटी म्हणतात. ते मोहन बागानचे, आणि पूर्वेकडून आलेले ते ईस्ट बंगालचे, असं त्यांचं फुटबॉलवरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. मासा आणि फुटबॉल या दोन्हींतून वाट काढत तुम्ही नाशिक जिल्ह्यात पोचाल तेव्हा गावाबद्दल दीड परिच्छेद हाती लागेल. मामाच्या पोरानं तेवढाही शोध घेतला नाही. त्याच्या पहिल्या नववीच्या वहीत घोटीकरांचा आवडता खेळ फुटबॉल आहे.

तिसऱ्या दिवशी शहाणी माणसं झेरॉक्सच्या दुकानात जातात. एप्रिल-मेमध्ये तिथे उत्पन्नाच्या दाखल्याचे, सातबाऱ्याचे आणि आधार दुरुस्तीचे लोक उभे असतात, त्यांच्या कोपरांखालून आत शिरायचं. काकांच्या संगणकावर एक फोल्डर आहे. त्याचं नाव 'प्रकल्प नवीन', त्यात 'प्रकल्प नवीन फायनल', त्यात 'फायनल 2'. आत सगळं आहे. काका नाव विचारतात, इयत्ता विचारतात, बटण दाबतात. मागे उभे असलेले कोणाचे तरी आजोबा कौतुकानं म्हणतात, "पोरगं लई शिकलेलं दिसतंय."

फोल्डर वापरताना दोन गोष्टी बघा. पहिली, प्रमाणपत्राच्या पानावरचं नाव. काका पहिल्या पानावरचं नाव बदलतात, प्रमाणपत्रावरचं विसरतात. आमच्या वर्गातल्या चौघांचे प्रकल्प एका अशा मुलीनं पूर्ण केल्याचं प्रमाणित झालं होतं जी तेव्हा लग्न होऊन शहापूरला गेलेली होती. दुसरी, स्व-विकास. त्यात स्वतःचे गुण आणि दोष लिहायचे असतात. फोल्डरमध्ये तेही तयार मिळतात. त्या वर्षी वर्गातले अकरा जण लवकर रागावणारे, पण मनानं निर्मळ निघाले. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी या अकरांना वेगवेगळ्या तुकड्यांत टाकतो." तेवढं वाक्य बोलून ते पुन्हा दहावीच्या पेपरांच्या गठ्ठ्यात बुडाले. सरांचाही एप्रिल असतो, हे नवशिक्यांच्या लक्षात येत नाही.

चौथा दिवस तुमचा नाही, वडिलांचा आहे. हे दिवस राब भाजायचे. जिथे भाताची रोपं टाकायची त्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर, वरून माती, आणि मग वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं. तणाचं बी जळतं, राख जमिनीत जाते, आणि जूनमध्ये त्या काळ्या चौकोनात टाकलेलं बी हिरवंगार उठतं. तुम्ही घमेली वाहताय आणि घरी 'हवा प्रदूषण: कारणे व उपाय' अर्धा पडलाय, अशी परिस्थिती येईल. मी तेव्हा अप्पांना म्हणालो होतो, "अप्पा, ह्यानं प्रदूषण होतं, आम्हाला पुस्तकात आहे." अप्पा काठीनं कड सारखी करत होते. म्हणाले, "बरं मग, जूनला पुस्तक पेरू." त्या प्रकल्पाच्या पानांना धुराचा वास होता. सरांनी तो प्रत्यक्ष अनुभव धरला की काय कोण जाणे, अ-2 दिली.

संध्याकाळी इतिहास. विषय 'माझ्या परिसरातील ऐतिहासिक स्थळ'. फोल्डरमध्ये रायगड आहे. रायगड लिहा, कोणी नाही म्हणत नाही. ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी कावनईचा किल्ला आहे, त्रिंगलवाडी आहे, आणि टाकेदच्या पलीकडे पट्टा किल्ला आहे, जिथे जालन्याच्या स्वारीहून परतताना 1679 मध्ये शिवाजी महाराज विसाव्याला थांबले आणि म्हणून तो विश्रामगड झाला. पण तिथे जायला दिवस लागतो, आणि तुमच्याकडे रात्र आहे. तेव्हा आजीची मुलाखत घ्या. ज्येष्ठांची मुलाखत घेतली की सर खूश होतात.

आजीच्या मुलाखतीत एकच अडचण असते, ती तारखा सांगत नाही.

"आजी, टाकेदला जटायू पडला ते कधी?"

"लई वर्सं झाली रं. तुझ्या आज्याच्याही आधी."

"पण साधारण?"

"रावण हितूनच गेला ना सीतामाईला घेऊन. त्या वक्ताला."

मी वहीत लिहिलं, काळ: आजोबांच्या आधीचा. मग ती रेल्वेवर आली. कसाऱ्याहून घाट चढताना गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात, हे मला पुस्तकानं नाही, तिनं सांगितलं. गाडी दम खाते तेव्हा डब्यातल्या बाया हात जोडायच्या, हेही. थळ घाटाचा तो मार्ग 1 जानेवारी 1865 ला सुरू झाला आणि चढ सदतिसास एक आहे, म्हणजे सदतीस फूट पुढे गेल्यावर गाडी एक फूट वर गेलेली असते, हे मी नंतर शोधून काढलं. प्रकल्पात यातलं काही घेतलं नाही. पानं संपली होती आणि रायगड आधीच छापून आला होता.

पाचवी रात्र. लाईट जाते. हे गृहीत धरून मेणबत्ती साहित्यात लिहून ठेवा. आता जलसुरक्षेतला शेवटचा तक्ता उरतो: 'पर्जन्यमापकाच्या साहाय्याने सलग पंधरा दिवस पावसाची नोंद करा.' हे काम जुलैमध्ये दिलेलं होतं. जुलैमध्ये तुम्ही भिजत होता. बाटली आज कापली आहे, छपरावर ठेवली आहे, वर आकाशात चांदण्या आहेत.

तक्ता भरण्याची शास्त्रशुद्ध रीत अशी. सगळ्या नोंदी एकाच पेननं करू नका, तीन पेनं घ्या आणि एक मधेच आटलेलं घ्या. गोल आकडे टाळा. 10, 20 असं लिहिलं की चोरी कळते, 13, 7, 22 असं लिहावं. एका दिवशी शून्य टाका, विश्वास वाढतो. एका पानावर पाण्याचा थेंब पाडून अक्षर थोडं फुटू द्या. एवढं सगळं करून मी तारखा मात्र चालू महिन्याच्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी फायली हातात तोलून श्रेणी द्यायला सुरुवात केली होती. माझ्या फायलीशी थांबले.

"काय रे, एप्रिलमध्ये पाऊस कुठला?"

"अवकाळी, सर."

"सलग पंधरा दिवस?"

"सर, इगतपुरी तालुका आहे."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि सही केली. ब-1.

निरीक्षणे

ही जागा वहीत कोरी राहते. तक्ता जमा झालेला असतो, निकाल लागलेला असतो, एक मेचं झेंडावंदन झालेलं असतं, आणि फायलींचा गठ्ठा कपाटावर चढलेला असतो. बहीण तिची मजुरी वसूल करत असते. मे महिना लग्नांच्या पंगतीत वाढण्यात जातो.

मग जूनमध्ये कधीतरी रात्री छपरावर एकदम आवाज सुरू होतो. कळसूबाईकडून येणारा वारा खिडकीच्या फटीतून आत घुसतो, आई उठून बादल्या गळतीखाली लावत फिरते, अप्पा अंधारात दारात जाऊन उभे राहतात आणि काही बोलत नाहीत. राबाच्या वाफ्यात बी पडायचं असतं. सकाळी छपरावर चढून बघा. एप्रिलपासून विसरलेली बाटली तिथेच असते, एका कडेला कलंडलेली, गळ्यापर्यंत भरून वाहणारी. खुणा पाण्याखाली गेलेल्या असतात.

पाणी ओतून बाटली पुन्हा सरळ ठेवा. दगड लावा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पट्टी घेऊन वर जा. आकडा लिहायला वही नसली तर कोळशाच्या तुकड्यानं भिंतीवर लिहा. सर दुसऱ्या वर्गाला गेलेले असतात, ते विचारणार नाहीत. खालून आई ओरडेल, "अरे, पडशील, काय करतोयस वर?" तिला काय सांगायचं ते या मार्गदर्शिकेत दिलेलं नाही.